चामखिळीचा विषाणू आणि एक न बोलला जाणारा कर्करोग

वर्गातल्या मुलांना हात पुढे करायला सांगितले, तर एखाद्याच्या तरी बोटावर किंवा नखाजवळ चामखीळ सापडते. चामखीळ हा शब्द आपण त्वचेवरच्या अनेक प्रकारच्या उंचवट्यांसाठी वापरतो. येथे आम्हाला अभिप्रेत आहे ती फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी दिसणारी, हाताला खरखरीत लागणारी चामखीळ. घरी कोणी तिला घोड्याचा केस बांधायला सांगते, कोणी चुना लावायला सांगते. वर्ष-दोन वर्षांत ती बहुधा आपोआपच नाहीशी होते, आणि श्रेय मिळते ते शेवटी केलेल्या उपायाला!

ही चामखीळ एका विषाणूमुळे होते. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. बोटावरची चामखीळ निरुपद्रवी असते. परंतु याच विषाणूचे काही भाऊबंद कर्करोगाला कारणीभूत होतात. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी त्यांचा असलेला संबंध आता बऱ्याच वाचकांच्या कानावर आलेला असेल. मात्र तेच विषाणू आणखी एका ठिकाणी, म्हणजे गुदद्वाराच्या जागी, अगदी तशाच प्रकारचा कर्करोग निर्माण करतात, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्या अवयवाचे नाव घेतानाच आपण चाचरतो, त्याच्या आजाराबद्दल कोण बोलणार?

हा विषय शिक्षकांसाठी निवडताना आम्हीही थोडे अडखळलो. तरीही तो घेतला, याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, एखाद्या आजाराचे कारण विज्ञान कसे शोधून काढते, चुकीचे कारण कसे बाजूला सारते, याचे हे फार चांगले उदाहरण आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. हा कर्करोग टाळता येतो, आणि लवकर सापडला तर बराही होतो. त्याला मदत करते ती आपली लाज.

संशयाची सुई मूळव्याधीवर

विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरांची अशी समजूत होती की, गुदद्वाराचा कर्करोग हा त्या जागेच्या दीर्घकाळच्या त्रासातून होतो. मूळव्याध, भगंदर, चिरा यांमुळे ती जागा सतत हुळहुळी राहते, पेशी पुन्हा पुन्हा नव्या तयार होतात आणि एक दिवस त्यांचे गणित बिघडते, अशी ती मांडणी होती. वरवर पाहता ती पटण्यासारखी होती. कर्करोगाच्या अनेक रुग्णांना आधी मूळव्याध असल्याचे सांगितले गेलेले असे.

परंतु दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळेच दुसरी झाली, असे म्हणता येते का? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हा प्रश्न हाताळला. त्या देशात रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद राष्ट्रीय पातळीवर ठेवली जाते, आणि कर्करोगाच्या रुग्णांचीही वेगळी नोंद असते. त्यांनी मूळव्याध, भगंदर यांसारख्या साध्या आजारांसाठी रुग्णालयात गेलेल्या हजारो लोकांच्या नोंदी घेतल्या आणि पुढे त्यांच्यापैकी किती जणांना गुदद्वाराचा कर्करोग झाला, ते पाहिले. हे संशोधन 1994 साली प्रसिद्ध झाले.

आता आपणही त्यांच्याबरोबर विचार करू. मूळव्याधीमुळे हळूहळू कर्करोग होत असेल, तर वर्षे जातील तसा धोका वाढायला हवा, निदान टिकून तरी राहायला हवा. प्रत्यक्षात उलटेच दिसले. रुग्णालयात गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात कर्करोगाचे प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होते आणि त्यानंतर ते झपाट्याने खाली आले. याचा अर्थ काय? अर्थ असा की, त्यांतल्या काहींना कर्करोग आधीपासूनच होता. त्याची लक्षणे मूळव्याधीसारखी वाटली, किंवा त्या कर्करोगामुळेच बाकीचा त्रास सुरू झाला. म्हणजे ज्याला कारण समजत होतो, तो पुष्कळदा परिणाम होता!

मूळव्याध निर्दोष सुटली. मग खरा गुन्हेगार कोण? त्याचा माग काढण्यासाठी आपल्याला पुन्हा चामखिळीकडे यावे लागेल.

चामखीळ लागट आहे

इटलीतील वेरोना शहरात 1842 साली डोमेनिको रिगोनी-स्टर्न या डॉक्टरांनी शहरातल्या ऐंशी वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. त्यांना आढळले की, गर्भाशयाच्या कर्करोगाने मरण पावणाऱ्यांत विवाहित स्त्रिया पुष्कळ होत्या, जोगिणी मात्र क्वचितच. कर्करोग लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या कशाशी तरी जोडलेला असावा, असा हा दूरचा इशारा होता. पण त्या काळी जंतूंचीच ओळख नव्हती, तर विषाणूंची कोठून असणार?

पुढचा दुवा 1907 सालचा. जुझेप्पे चुफो या इटालियन डॉक्टरांनी चामखिळीचा अर्क काढला आणि तो इतक्या बारीक गाळणीतून गाळला की, त्यातून जिवाणूसुद्धा पार होऊ नयेत. हा गाळलेला अर्क त्यांनी स्वतःच्याच त्वचेत टोचून घेतला. काही महिन्यांनी तेथे चामखिळी उगवल्या. म्हणजे चामखीळ उत्पन्न करणारी गोष्ट जिवाणूहूनही लहान होती. आज आपल्याला तिचा आकार माहीत आहे. हा विषाणू सुमारे 55 नॅनोमीटर व्यासाचा असतो. एका मिलिमीटरवर असे सुमारे अठरा हजार विषाणू एका ओळीत मावतील.

अमेरिकेत 1933 साली रिचर्ड शोप यांनी रानटी सशांच्या अंगावर येणाऱ्या शिंगांसारख्या वाढीमागे असाच एक विषाणू असल्याचे दाखवले. त्यांचे सहकारी पेटन राउस यांनी 1935 साली दाखवून दिले की, तीच वाढ पाळीव सशांत पुढे कर्करोगाचे रूप घेते. याच राउस यांनी 1911 साली कोंबड्यांमधला एक कर्करोग विषाणूमुळे होतो असे सिद्ध केले होते. त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते 1966 साली, पंचावन्न वर्षांनी. कर्करोग आणि विषाणू यांचे नाते मान्य करायला विज्ञानजगतालाही किती वेळ लागला, हे यावरून कळते.

एक विषाणू नव्हे, मोठे गोत

माणसातला पुरावा शोधला जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी. 1970 च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी बहुतेकांचा संशय नागिणीच्या कुळातल्या हर्पिस या विषाणूवर होता. त्सुर हाउझेन यांनी कर्करोगाच्या पेशींत त्याचे डीएनए शोधून पाहिले. ते मिळाले नाही. मग त्यांनी चामखिळीच्या विषाणूचा विचार मांडला. जननेंद्रियांवरच्या चामखिळींचे रूपांतर क्वचित कर्करोगात झाल्याच्या जुन्या नोंदी त्यांनी वाचल्या होत्या.

शोधण्याची रीत साधारण अशी. डीएनएचे दोन धागे चेनच्या दोन बाजूंसारखे एकमेकांत अडकतात. ओळखीच्या विषाणूच्या डीएनएचा एक धागा घ्यायचा, त्याला खूण करायची आणि कर्करोगाच्या पेशींतल्या डीएनएत सोडायचा. तेथे जुळणारा धागा असेल, तर हा त्याला जाऊन चिकटतो. त्सुर हाउझेन यांच्या गटाने तळपायाच्या चामखिळीतल्या विषाणूचा धागा वापरून पाहिला. तो कर्करोगाच्या नमुन्यांत चिकटेना.

येथे एखाद्याने नाद सोडला असता. परंतु या अपयशातूनच महत्त्वाची गोष्ट कळली. चामखिळीचा विषाणू एकच नाही, त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. बोटावर राहणारा वेगळा, तळपायावर राहणारा वेगळा, जननेंद्रियांवर राहणारा वेगळा. मग थोड्याशा जुळणाऱ्या धाग्यांनाही पकडता येईल अशा सैल अटी ठेवून शोध घेतला गेला, आणि 1983 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात प्रकार 16, तर 1984 साली प्रकार 18 हाती लागला. त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आज या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यांपैकी सुमारे बारा प्रकार कर्करोगकारक मानले जातात. प्रकार 6 आणि 11 जननेंद्रियांवर चामखिळी आणतात, पण कर्करोग सहसा आणत नाहीत. उलट 16 आणि 18 हे प्रकार डोळ्यांना दिसेल अशी चामखीळ बहुधा आणतच नाहीत. ते गुपचूप राहतात. म्हणून वर्गात एखाद्या मुलाने बोटावरची चामखीळ दाखवून घाबरून विचारले, तर त्याला निःशंकपणे सांगावे की, तुझी चामखीळ कर्करोग होणार नाही. तो त्या गोत्रातला दुसराच सदस्य आहे.

आता गुदद्वाराच्या कर्करोगाकडे वळू. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 साली अशा कर्करोगाच्या साठवून ठेवलेल्या नमुन्यांत एचपीव्हीचे डीएनए शोधले. शंभरात अठ्ठ्याऐंशी नमुन्यांत ते सापडले आणि त्यांत सर्वांत जास्त होता तो प्रकार 16. एवढ्यावर ते थांबले नाहीत. तेथून काही सेंटिमीटर वर, मलाशयात होणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या कर्करोगाचे 20 नमुनेही त्यांनी तपासले. त्यांतल्या एकातही हा विषाणू नव्हता. ही दुसरी तपासणी फार मोलाची आहे. विषाणू केवळ त्या परिसरात सगळीकडे पसरलेला असता, तर शेजारच्या मलाशयातही मिळाला असता.

शिवणीची जागा

शेजारी शेजारी असूनही एका जागी विषाणूमुळे कर्करोग होतो, दुसऱ्या जागी होत नाही. असे का? आणि गर्भाशयमुख व गुदद्वार यांत असे काय साम्य आहे?

आपल्या शरीराच्या बाहेर त्वचा आहे आणि आत अवयवांचे अस्तर. त्वचा ही अनेक थरांची असते. तळाच्या थरात नव्या पेशी जन्मतात, त्या वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. आतड्याचे अस्तर मात्र उंचट पेशींच्या एकाच थराचे असते. मलाशयापासून बाहेरच्या तोंडापर्यंतचा गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या मध्ये एक दातेरी रेषा दिसते. तिच्या आसपास बाहेरचे अनेक थरांचे अस्तर संपते आणि आतले एकेरी अस्तर सुरू होते. जाड आणि तलम अशी दोन कापडे जोडावीत, तशी ही शिवण आहे. गर्भाशयमुखावरही नेमकी अशीच शिवण असते.

कापड बहुधा शिवणीवर उसवते. शरीरातही या सांध्यांवरच्या पेशी थोड्या अस्थिर असतात. एका प्रकारच्या अस्तरातून दुसऱ्या प्रकारचे अस्तर तेथे घडत असते. शिवाय अस्तर तेथे नाजूक असल्याने तळाच्या थरापर्यंत पोहोचणे विषाणूला सोपे जाते. त्याला हवा असतो तो हाच थर. वरच्या मृतप्राय पेशींत शिरून त्याला काही उपयोग नसतो. डोळ्यांना दिसणारही नाही अशा बारीक ओरखड्यातून तो तळाशी जातो आणि तेथे वस्ती करतो.

ब्रेक निकामी होतात

या विषाणूजवळ फक्त सुमारे आठ हजार अक्षरांचे डीएनए असते. माणसाच्या डीएनएत तीनशे कोटींहून अधिक अक्षरे असतात. एवढ्याशा भांडवलावर त्याला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात. प्रत काढण्याची यंत्रसामग्री त्याच्याकडे नाही. ती पेशीकडे आहे. परंतु पेशी वर सरकू लागली की विभाजन थांबवते आणि ती यंत्रसामग्री बंद करते. तेव्हा विषाणूपुढे एकच मार्ग राहतो: पेशीला थांबू द्यायचे नाही.

त्यासाठी तो दोन प्रथिने बनवतो. त्यांची नावे ई-6 आणि ई-7. आपल्या पेशीत विभाजनाला आवर घालणारे आरबी नावाचे प्रथिन असते. ते गाडीच्या ब्रेकसारखे काम करते. ई-7 या ब्रेकला निकामी करते. पेशीत पी-53 नावाचे दुसरे एक प्रथिन पहारेकऱ्यासारखे असते. डीएनएत बिघाड दिसला, तर ते पेशीला थांबवते, आणि दुरुस्ती होत नसेल तर तिला स्वतःचा नाश करायला लावते. ई-6 या पहारेकऱ्यालाच नष्ट करवते. ब्रेक नाही आणि पहाराही नाही, अशा पेशी वाढत राहतात. विषाणूच्या प्रती तयार होतात आणि गळणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतात.

येथवर हा विषाणूचा नेहमीचा संसार झाला. अजून कर्करोग झालेला नाही. बहुतेकांच्या शरीरातली प्रतिकारशक्ती वर्ष-दोन वर्षांत त्याला ओळखते आणि आवरते. तेवढा वेळ लागतो, कारण तो रक्तात शिरत नाही, पेशी फोडत नाही, ताप आणत नाही. काही थोड्या लोकांत मात्र तो वर्षानुवर्षे टिकतो. मग पुष्कळदा एक अपघात घडतो. विषाणूचे डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसते आणि तुटताना ई-6 व ई-7 यांच्यावर ताबा ठेवणारा भागच हरवतो. आता ही दोन्ही प्रथिने बेसुमार बनू लागतात. पहारेकरी नसल्याने डीएनएतल्या चुका साठत जातात. आधी कर्करोगपूर्व बदल, मग कर्करोग अशी ही वाटचाल बहुधा दहा-वीस वर्षांची असते. गंमत अशी की, कर्करोग झालेल्या पेशीतून नवे विषाणू सहसा बाहेर पडतच नाहीत. म्हणजे विषाणूच्या दृष्टीनेही हा शेवटचा रस्ताच!

कोणाला धोका जास्त?

गुदद्वाराचा कर्करोग विरळा आहे. जगात दरवर्षी त्याचे सुमारे पन्नास हजार नवे रुग्ण आढळतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे साडेसहा लाखांहून अधिक. अनेक देशांत तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. गर्भाशयमुखावर किंवा बाह्य जननेंद्रियावर याच विषाणूमुळे आधी बदल झालेल्या स्त्रियांना, एचआयव्हीबाधितांना, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना आणि धूम्रपान करणाऱ्यांना त्याचा धोका जास्त असतो. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक आहे आणि त्यांना एचआयव्हीची लागण झालेली असेल, तर सर्वांत अधिक.

या यादीतूनच एक गैरसमज जन्म घेतो. हा आजार झाला म्हणजे त्या माणसाचे वागणे अमुक असणार, असा निष्कर्ष लोक काढून मोकळे होतात. तो चुकीचा आहे. हा विषाणू त्वचेच्या त्वचेशी झालेल्या संपर्कातून पसरतो. जननेंद्रियांच्या भागातला संसर्ग शेजारच्या भागात सहज पोहोचतो. त्यासाठी गुदमैथुन घडलेलाच असावा लागतो, असे नाही. वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा तरी या गोत्रातल्या एखाद्या विषाणूचा संसर्ग होतोच आणि त्यांना कळायच्या आत तो निघूनही जातो. ज्याच्या शरीरातून तो गेला नाही, तो दुर्दैवी म्हणता येईल, दोषी नव्हे. पडशाच्या विषाणूबाबत आपण कोणाचे चारित्र्य तपासत नाही; मग याच विषाणूबाबत का तपासावे?

वाटेत अडवता येते

दहा-वीस वर्षांच्या वाटचालीचा फायदा असा की, तिला अनेक ठिकाणी अडवता येते. पहिली जागा म्हणजे संसर्गच होऊ न देणे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात काम करणारे जियान झू आणि इयान फ्रेझर यांनी 1991 साली दाखवले की, विषाणूच्या कवचाचे प्रथिन प्रयोगशाळेत बनवले, तर त्याचे कवच आपोआप जुळून येते. हे कवच आतून रिकामे असते, त्यात विषाणूचे डीएनए नसते. त्यामुळे त्याने आजार होणे शक्यच नाही. प्रतिकारशक्तीला मात्र ते खऱ्या विषाणूसारखेच दिसते आणि ती तयारी करून ठेवते. याच तत्त्वावरची पहिली लस 2006 साली वापरात आली.

ही लस गुदद्वाराच्या कर्करोगालाही आळा घालील का? पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या 602 तरुण पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. ज्यांना लसीतल्या प्रकारांचा संसर्ग आधी झालेला नव्हता आणि ज्यांनी सर्व डोस घेतले, त्यांच्यात त्या प्रकारांमुळे होणारे कर्करोगपूर्व बदल सुमारे 78 टक्क्यांनी कमी झाले. आधीच संसर्ग झालेल्यांसह सर्वांचा हिशेब केला, तेव्हा ही घट सुमारे 50 टक्के भरली. दोन आकड्यांतला हा फरकच सांगतो की, लस आधी घ्यायची असते. घरात शिरलेल्या चोराला कुलूप बाहेर काढत नाही. म्हणूनच ती नऊ ते चौदा वर्षांच्या वयात देणे सर्वांत चांगले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्वाव्हॅक या भारतीय लसीला 2022 साली परवानगी मिळाली. ती प्रकार 6, 11, 16 आणि 18 यांच्यापासून संरक्षण देते आणि मुली व मुलगे दोघांसाठीही आहे. गर्भाशयमुख मुलग्यांना नसते, पण ही लस त्यांच्याही उपयोगाची का आहे, हे वाचकांना आता सांगायला नको.

दुसरी जागा म्हणजे बदल झालेल्या पेशी कर्करोग होण्याआधीच शोधून काढणे. या तत्त्वाचा एक मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातून आला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश होता. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी होतात, असे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. गुदद्वाराच्या कर्करोगाबाबत तसा पुरावा मिळायला 2022 साल उजाडले. अमेरिकेत पस्तीस वर्षांवरील एचआयव्हीबाधित अशा चार हजारांहून अधिक लोकांत कर्करोगपूर्व बदल आढळले होते. त्यांतल्या निम्म्यांच्या बदललेल्या पेशी काढून टाकल्या, बाकीच्यांवर फक्त लक्ष ठेवले. उपचार केलेल्या गटात कर्करोगाचे प्रमाण 57 टक्क्यांनी कमी झाले. शिवण दोन ठिकाणी असली, तरी धडा एकच निघाला.

मूळव्याधीच्या पाट्या

तिसरी जागा म्हणजे झालेला कर्करोग लवकर ओळखणे. येथेच आपण सर्वांत मागे पडतो. शौचाच्या वेळी रक्त जाणे, दुखणे, खाज येणे, गाठ लागणे ही त्याची लक्षणे आहेत. मूळव्याधीचीही हीच. रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा चीरच असते, हे खरे आहे. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु ते न पाहताच कसे ठरवायचे? आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतींवर मूळव्याध व भगंदर विनाऑपरेशन बरे करण्याच्या पाट्या रंगवलेल्या असतात. लाजेपोटी माणूस घरात कोणाला सांगत नाही, दुकानातून मलम आणतो, मग अशा एखाद्या पाटीचा पत्ता गाठतो. यात महिने निघून जातात. डेन्मार्कच्या नोंदींत जे आकड्यांत दिसले, ते हेच.

डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी एखाद्या मिनिटात होते. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ रक्त जात असेल किंवा गाठ लागत असेल, तर ती तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांनी न पाहताच औषध दिले, तर आपणहून तपासायला सांगावे.

पूर्वी या कर्करोगावर उपाय म्हणजे तो सगळा भागच कापून काढणे आणि पोटावर कायमची पिशवी लावणे हा होता. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात नॉर्मन निग्रो या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेआधी गाठ लहान व्हावी म्हणून दोन औषधे आणि किरणोपचार एकत्र देऊन पाहिले. नंतर शस्त्रक्रिया करून काढलेल्या भागात त्यांना कर्करोगाच्या पेशी सापडल्याच नाहीत! मग शस्त्रक्रिया हवी तरी कशाला? त्यांनी 1974 साली मांडलेली ही रीत पुढे मुख्य उपचार बनली. आज बहुतेक रुग्णांचा अवयव वाचतो आणि कर्करोग पसरण्याआधी सापडला, तर दहांपैकी सुमारे आठ रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत असतात.

वर्गात काय करता येईल?

आठवी-नववीच्या मुलांना यातले सगळेच सांगावे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु चामखीळ विषाणूमुळे होते, त्याचे अनेक प्रकार असतात, त्यांतल्या काहींमुळे कर्करोग होतो आणि त्यावर लस आहे, एवढे कोणत्याही वर्गात सांगता येईल. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पेशीविभाजन शिकवताना आरबी आणि पी-53 यांची गोष्ट जरूर सांगावी. धडा जिवंत होईल. आणि डेन्मार्कच्या नोंदींचे कोडे तर उत्तर न सांगता फळ्यावर मांडावे. पहिल्या वर्षी धोका खूप जास्त, पुढे कमी. यावरून मूळव्याध हे कारण ठरते का? मुलांना वाद घालू द्यावा. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल कशी होते, हे त्यांना कायमचे लक्षात राहील.

हे शिकवताना गुदद्वार हा शब्द येईल. मागच्या बाकांवर खसखस पिकेल. पिकू द्यावी. आपण मात्र तो शब्द कान, नाक, घसा यांच्याइतक्याच सहजपणे उच्चारावा. त्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आजोबांना किंवा मुलाच्या आईला गेले कित्येक आठवडे रक्त जात असेल आणि घरात कोणाला सांगावे, हे त्यांना कळत नसेल. आजच्या तासाला सरांनी किंवा बाईंनी काय सांगितले, हे त्या मुलाने संध्याकाळी घरी बोलून दाखवले, तर डॉक्टरांकडे जाण्याची सुरुवात कदाचित तेथूनच होईल.